श्रुतिकेतली आई

मी मेहकरला शाळामास्तर होतो तेव्हा वऱ्हाडात रेडिओ नवा होता. पेठेतल्या एका कापडदुकानात तो आला आणि संध्याकाळी लोक दुकानापुढे ऐकायला बसू लागले. पायरीखाली एक माळीण मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा श्रुतिका लागली. एक म्हातारा यंत्रात बसून पन्नास वर्षं मागे जातो, आपल्या घरी पोचतो, आणि त्याची तरुण आई परका समजून दार लावून घेते. दुसऱ्या दिवशी वाद रंगला. दुकानातल्या शिंप्याला यंत्र पटलं नव्हतं, दुकानदाराला शेवट.

माळीण मला म्हणाली, "मास्तर, यंत्राचं मले समजत नाही. पण मायनं ओळखलं नाही, हे खोटं."

"काऊन, बाई?"

"मांगच्या साली एक म्हातारी मेथी घ्याले आली. तिनं माह्या हाताले हात लावला, अन् मी ओळखलं. माही पोरगीच होती. पोरगी तवा सहा वर्साची, इथंच टोपल्यापाशी खेळून राह्यली होती."

मी विचारलं,

"काही बोलली?"

"नाही. तिरडी उचलायच्या आधी तोंड पाह्यतात ना, तसं पाह्यलं. मी लवकर जाईन, हे तवाच समजलं. पण पोरगी म्हातारी होईस्तोर जगन. मले तेवढं पुरे."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिने पदर पुढे ओढला.

"तुमी नका तसं पाहू, मास्तर."