अर्ध्यावरून परतणारी सुजाता

सिंगापुरात रॅफल्स प्लेसला उतरून ऑफिसकडे निघालो होतो, तेवढ्यात रेवाचा मेसेज आला. ‘काका, आई सकाळी गेली.’ रेवा म्हणजे सुजाताची सतरा वर्षांची मुलगी. इथेच जन्मली, इथेच शिकली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असंच आमचं आजवर चालत आलेलं. हा एक निरोप मात्र तिनं देवनागरीत लिहिला होता... एमआरटी स्टेशनातून माणसांचे लोंढे येत होते आणि मी भिंतीला टेकून ते चार शब्द पुन्हा पुन्हा वाचत होतो.

त्याला आता सहा आठवडे झाले. सुजाता नऊ महिने आजारी होती, त्यामुळे निरोप अनपेक्षित नव्हता. पण मला तिच्या आजारपणाबद्दल लिहायचं नाही. आमच्या छोट्याशा गिर्यारोहक गटात ती ज्या गोष्टीमुळे बदनाम होती, आणि त्या बदनामीत माझाही हात होता, त्याबद्दल लिहायचं आहे.

सुजाता मूळची नागपूरची. धातूवर चढवलेले लेप एकमेकांना कसे धरून राहतात आणि कधी सुटतात, यावर ती इथल्या एका प्रयोगशाळेत काम करायची. बर्फ तिनं पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी, हिमाचलात गिर्यारोहण शिकायला गेली तेव्हा. मी पुण्याचा. सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेले, म्हणून स्वतःला पक्का डोंगरी समजणारा. एका मित्राकडे जेवताना ओळख झाली. दर फेब्रुवारीत रजा काढून ती हिवाळी चढाईला जाते, असं कळल्यावर मीही येतो म्हणालो. तिनं आधी माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं आणि मग रविवारी सकाळी सातला वुडलँड्सला, तिच्या ब्लॉकखाली बोलावलं.

पाठीवर तांदळाच्या पिशव्या भरलेली सॅक घेऊन आम्ही पाच जण तिच्या ब्लॉकचे जिने चढायचो-उतरायचो. शेजारच्या चिनी आजी कुंड्यांना पाणी घालता घालता आमच्याकडे दयेनं बघायच्या. महिन्यातून एकदा ती आम्हाला समुद्रावर न्यायची. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस शोधायचा तर सगळ्यांच्या छातीवर बीकन लागतो. सतत संदेश पाठवणारं ते तळहाताएवढं यंत्र सुजाता वाळूत खोल पुरून ठेवायची आणि घड्याळ लावून आम्हाला शोधायला सोडायची. एकदा मासे धरायला आलेल्या एका म्हाताऱ्या अंकलनी विचारलं, काय हरवलंय? ती खणता खणताच म्हणाली, “फ्रेंड, अंकल.” त्यांना ते खरंच वाटलं असावं. गळ खाली ठेवून तेही वाळू उकरायला लागले.

हे वेड कुठून आलं, ते तिनं एकदाच सांगितलं. तिच्या दुसऱ्याच हिवाळ्यात दोर्जे नावाचा हमाल हिमस्खलनाखाली गाडला गेला. चढणाऱ्यांकडे बीकन होते, त्याच्याकडे नव्हता. लांब सळया बर्फात खुपसत त्यांनी दोन दिवस शोधलं. तो सापडला तेव्हा सळई सुजाताच्याच हातात होती. नंतर तिच्याबरोबर ज्या ज्या चढाईला गेलो, तिथे स्वयंपाक्यापासून हमालापर्यंत प्रत्येकाच्या छातीवर बीकन असे. नसेल तर कोणीच उतारावर पाय ठेवायचा नाही. यावर तिनं एका स्थानिक ठेकेदाराशी दीड दिवस हुज्जत घातली होती, आणि तो दीड दिवस आम्ही तळावर बसून काढला होता.

ज्या चढाईबद्दल सांगायचं आहे ती माझी तिसरी. शिखर समोर दिसत होतं. मध्ये एकच मोठा पांढरा उतार, निळंशार आकाश, वाऱ्याचा मागमूस नाही. दोन दिवसांपूर्वी बर्फ पडून गेला होता. सुजातानं उताराच्या कडेला, सुरक्षित जागी, छातीएवढा खड्डा खणायला लावला. खड्ड्याच्या भिंतीत बर्फाचे थर वडीसारखे स्वच्छ दिसत होते. खालच्या एका थरावर तिनं बोट फिरवलं तर साखरेसारखे सुटे कण भुरभुरले. मग बर्फाचा एक ठोकळा तिन्ही बाजूंनी मोकळा करून तिनं त्यावर फावडं ठेवलं आणि हातानं टपल्या मारायला लागली. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून. कोपराच्या दुसऱ्या टपलीला वरचा थर सुरीनं कापावा तसा सुटून माझ्या मांडीवर येऊन आदळला.

“परत फिरायचं,” सुजाता म्हणाली.

मी वाद घातला. एवढी रजा, एवढी तयारी, एवढं सुंदर हवामान. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि हातमोजे चढवले. तेव्हा मी जे बोललो ते आज लिहितानाही लाज वाटते. म्हणालो, “एक माणूस गेला म्हणून तू आम्हाला सगळ्यांना आयुष्यभर खालीच ठेवणार आहेस का?”

तिनं सॅक पाठीवर घेतली. आम्ही उतरलो.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका गटानं तोच उतार ओलांडला, शिखर गाठलं आणि सगळे सुखरूप परत आले. तळावर त्यांनी आम्हाला फोटो दाखवले. सिंगापूरला आल्यावर मी ही गोष्ट जेवणाच्या टेबलांवर रंगवून सांगितली, आणि ‘अर्ध्यावरून परतणारी सुजाता’ हे नाव मीच पाडलं. ते तिच्या कानावर गेलं. तिनं एकदाही खुलासा केला नाही. पुढच्या फेब्रुवारीत ती पुन्हा गेली, पुन्हा खड्डा खणला आणि पुन्हा परतली. त्याच्या पुढच्या वर्षी खड्ड्यातला बर्फ घट्ट निघाला, तेव्हा शिखरावर जाऊन आली. पण त्याचा फोटोसुद्धा तिनं कुणाला पाठवला नाही.

त्याच वर्षी मी तिच्याशिवाय, मुंबईच्या एका ग्रुपबरोबर गेलो होतो. कोणी खड्डा खणला नाही, मीही आग्रह धरला नाही. उताराच्या तोंडाशी आलो आणि पायाखाली धप्प असा आवाज झाला. जाड गादीवर कोणी धपकन बसावं तसा. सगळा उतार बोटभर खाली बसला. सुजातानं हा आवाज आम्हाला पुष्कळदा समजावून दिला होता. आतला कमकुवत थर कोसळला की तो येतो. मी म्हणालो, मी पुढे येणार नाही आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही. लोक चिडले. माझ्यापेक्षा वयानं लहान असलेल्या एकानं मला तोंडावर भित्रा म्हटलं. मी वाट अडवून उभा राहिलो आणि शेवटी सगळे माझ्यामागून उतरले. तो उतार पुढे तुटला की नाही, मला आजही माहीत नाही. तेव्हाच कळलं, परत फिरणाऱ्याला आपण बरोबर होतो याचा पुरावा कधीच मिळत नाही. आणि सुजातानं तो कधी मागितलाही नव्हता.

परत आल्यावर तिला सगळं सांगितलं. तिनं फक्त विचारलं, किती जण गेला होतात आणि किती जण खाली आलात. दोन्ही वेळा मी सहाच म्हणालो. ती चहा ठेवायला उठली.

माफी मागायची मात्र राहून गेली होती. ती शेवटच्या भेटीत, हॉस्पिटलमध्ये मागितली. सुजाता उशांना टेकून बसली होती, मनगटं काडीसारखी झालेली. तरी येत्या फेब्रुवारीच्या चढाईचा आराखडा तिनं माझ्याकडून वाचून घेतला आणि वाईट हवेसाठी ठेवलेले दोन दिवस कमी आहेत म्हणून चार करायला लावले. दोर्जेवरून मी जे बोललो होतो ते विसर, असं मी म्हणालो. 

“विसरले नाही,” ती म्हणाली. “पण बोललास तरी उतरलास ना, शिरीष? मला तेवढंच हवं होतं.”

परवा शनिवारी तिच्या घरी गेलो. तिचा नवरा मिलिंद कागदपत्रं लावत बसला होता. रेवा बाहेर कॉरिडॉरमध्ये, चपलांच्या रॅकपाशी जमिनीवर बसली होती. पुढ्यात सुजाताचे बर्फातले जाड, दुहेरी बूट. आतले अस्तराचे बूट काढून ती सुक्या फडक्यानं एकेक शिवण पुसत होती. इथल्या दमट हवेत आठवडाभर हात लावला नाही तर त्यांना बुरशी धरते. हे काम सुजाता दर शनिवारी करायची, आजारपणातसुद्धा, असं मिलिंद म्हणाला. रेवानं मधला एकही शनिवार चुकवला नव्हता.

मी तिच्याशेजारी बसलो. दुसरं फडकं उचललं. दोन्ही बूट कोरडे होईपर्यंत पुसत राहिलो. मग तिनं अस्तर परत आत बसवलं, उजवा बूट पायात चढवला आणि नाड्या खालपासून एकेक ओढत आवळत नेल्या.

“अर्धा नंबर मोठा आहे, काका,” ती मराठीत म्हणाली. “दोन मोजे घातले की बसतो.”