चारचौघांसमोरचं क्रियापद

धाकटीला कोशाच्या कार्यालयात चिकटवलं ते थोरलीनंच. पुढे पुढे ही गोष्ट ती कुणाला सांगेनाशी झाली.

दोघी सख्ख्या जावा. राहायला एका घरात, स्वयंपाक एका ओट्यावर. थोरली एकोणीस वर्षं इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कामावर होती. कार्यालय म्हणजे पुस्तकबांधणीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. खालून खळीचा वास यायचा, आणि वर भिंतभर लाकडी खण, खणांत कार्डं. एका शब्दाला एक कार्ड. पुढच्या बाजूला अर्थ लिहायचा, मागच्या बाजूला तो अर्थ कुठून घेतला ते. छापायला जायची ती फक्त पुढची बाजू.

थोरलीचं काम चोख. अक्षर मोत्यासारखं, आणि शब्दाला शब्द असा नेमका की कुणी नाव ठेवू नये. कौतुकही कुणी केलं नव्हतं. संपादक कार्ड बघायचे, "बरं आहे" म्हणायचे आणि पुढचं घ्यायचे. एकोणीस वर्षं त्या "बरं आहे"वर तिनं काढली होती आणि तिला ते पुरतही होतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. नवी सून शिकलेली, बोलकी, दिवसभर घरात बसून कंटाळलेली. सासूबाई म्हणाल्या, "थोरले, तुझ्याकडे बघ ना हिला काहीतरी." थोरलीनं संपादकांकडे शब्द टाकला. पहिल्या दिवशी तिला बरोबर घेऊन गेली, खण दाखवले, दौत कुठे ठेवतात ते दाखवलं.

दोन वर्षांत चित्र पालटलं. अवघड शब्द धाकटीच्या टेबलावर जायला लागले. संपादक तिच्या खुर्चीपाशी उभे राहून गप्पा मारायला लागले, हसायलाही लागले. ते हसतात हे थोरलीला एकोणीस वर्षांत कळलं नव्हतं. ती मान खाली घालून लिहीत राहायची आणि त्यांच्या बोलण्यातला एक शब्द कानाआड होऊ द्यायची नाही.

एका दुपारी संपादक धाकटीनं लिहिलेलं एक कार्ड हातात धरून बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागले. शब्द होता डिनाउन्स.

"चारचौघांसमोर, आवाज चढवून, नाव घेऊन एखाद्याला वाईट ठरवणे," त्यांनी वाचलं. "आधीच्या मसुद्यात काय होतं? निंदा करणे. अहो, निंदा माणूस घरी बसून बायकोच्या कानातसुद्धा करतो. हे क्रियापद घरात बसून होतच नाही. त्याला समोर माणसं लागतात. उभं राहावं लागतं. निंदा म्हटलं की अर्धा शब्द बाहेरच राहतो."

आधीचा मसुदा कुणाचा हे ते बोलले नाहीत. टायपिस्टबाईंनी थोरलीकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. थोरली मान वर न करता लिहीत राहिली. धाकटी काहीतरी सांगायला उठली होती, पण संपादक तोवर आपल्या खोलीत गेलेही होते.

घरी सासूबाई म्हणाल्या, "आज धाकटीचं कौतुक झालं म्हणे सगळ्यांसमोर. तू काही बोलली नाहीस."

"विसरले," थोरली म्हणाली.

रात्रीची जेवणं झाल्यावर नवऱ्यानं विचारलं, "तोंड का पाडून बसलीस? तूच आणलीस ना तिला?"

"म्हणूनच," ती म्हणाली.

महिन्याभरानं ती अडगळीच्या खोलीत एक जुना संदर्भ शोधत होती. या कार्यालयाच्या आधी एका निवृत्त मास्तरांनी एकट्यानं कोशाचं काम सुरू केलं होतं. ते गेल्यावर त्यांच्या कार्डांच्या पेट्या इथे आल्या. तिसऱ्या पेटीत तिच्या हाती एक पिवळं पडलेलं कार्ड लागलं. डिनाउन्स. चारचौघांसमोर, आवाज चढवून एखाद्याला वाईट ठरवणे.

तिनं ते तीनदा वाचलं. एवढं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. म्हणजे बाई उचलेगिरी करतात. म्हणजे एवढं कौतुक झालं ते उसन्या अकलेचं. ती कार्ड पदराखाली धरून टेबलाशी आली.

धाकटीचं मूळ कार्ड सहा पावलांवरच्या खणात होतं. खण उघडून, कार्ड उलटून बघायला किती वेळ लागला असता? थोरलीच्या मनात ते आलं. ती उठली, खणापर्यंत गेली, पितळी मुठीला हात लावला आणि परत आली. आपण का परत आलो हे तिला त्याच क्षणी ठाऊक होतं. पुढे कित्येक दिवस तिला छळलं ते या सहा पावलांनी.

पुढच्या आठवड्यात कोश चालवणाऱ्या मंडळाची सभा होती. सहा सभासद, संपादक आणि सगळे कर्मचारी लांब टेबलाभोवती दाटीवाटीनं बसले होते. पुढच्या खंडासाठी सहायक संपादक नेमायचा होता. संपादकांनी धाकटीचं नाव सुचवलं. थोरली उभी राहिली.

"माझं काही म्हणणं आहे," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "ज्या नोंदीचं एवढं कौतुक झालं ती हिची नाही. मास्तरांच्या पेटीतून उचललेली आहे. दुसऱ्याचं घेऊन आपलं म्हणून खपवणाऱ्याला आपण चोर म्हणतो. मी हिला सगळ्यांसमोर चोर म्हणते."

पिवळं कार्ड तिनं टेबलावर ठेवलं.

संपादकांनी टायपिस्टबाईंना मूळ कार्ड आणायला सांगितलं. ते हातात आल्यावर त्यांनी उलटलं आणि मागची बाजू वाचली. "मूळ शब्दयोजना जुन्या मास्तरांची, पेटी तीन. 'नाव घेऊन' एवढं माझं." त्यांनी चष्मा काढला. "मी ती नोंद वाचून दाखवली त्याच संध्याकाळी ही माझ्या खोलीत येऊन हेच सांगून गेली होती. तुम्हा सगळ्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं. ती चूक माझी."

धाकटीनं थोरलीकडे बघितलंही नाही. हातातल्या पेनाचं टोपण उघडमीट करत राहिली. थोरली बसली.

धाकटीची नेमणूक त्याच सभेत झाली.

घरी चार दिवस दोघी एका ओट्यावर वावरत होत्या, पण मध्ये भिंत बांधल्यासारख्या. सासूबाईंना काही कळेना. पाचव्या दिवशी धाकटी भांडी पुसत असताना थोरली जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "चुकलं माझं."

धाकटीनं ताटली पुसून ठेवली. "ताई, चोर म्हणालात ते सभेत. आणि चुकलं म्हणताय ते ओट्यापाशी?"

"मग काय करू?"

"ते मी कशाला सांगू? शब्दाचा अर्थ तुम्हालाही ठाऊक आहे."

मंडळाची पुढची सभा तीन महिन्यांनी होती. ते तीन महिने थोरलीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. रोज तोच जिना चढायचा, त्याच टेबलाशी बसायचं, आणि चहा आला की कुणी आपल्याविषयी बोलतंय का म्हणून कान टवकारायचे. सोडून द्यावी नोकरी, असं नवऱ्याला म्हणालीही. तो म्हणाला, "दे. पण आधी ती सभा होऊ दे."

सभेत ती पुन्हा उभी राहिली. "मागच्या वेळी मी हिला चोर म्हणाले. ती चोर नाही. मी खात्री करून घेतली नव्हती. करता येत असून घेतली नव्हती."

टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या सभासदांना कमी ऐकू यायचं. त्यांनी कानामागे हात नेला. "काय म्हणाल्या या?"

थोरलीनं ते सगळं पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी ती संपादकांच्या खोलीत गेली. "डिनाउन्सच्या नोंदीत एक ओळ वाढवायला हवी," ती म्हणाली. "'आरोप खरा असतोच असे नाही.' या क्रियापदात खरंखोटं येत नाही, नुसतं म्हणणं येतं. वाचणाऱ्याला ते कळायला हवं."

"आधार काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही होतात की तिथे."

त्यांनी ओळ कार्डावर घेतली. "बरं आहे" असं काही म्हणाले नाहीत.

धाकटी घरात पूर्वीसारखी बोलायला लागली, पण हळूहळू, जरा जपून. थोरलीनं नोकरी सोडली नाही. मत्सर गेला असंही तिनं कधी म्हटलं नाही. आता तिची कार्डं तपासायला धाकटीच्या टेबलावर जात. पहिल्यांदा एक कार्ड दुरुस्ती होऊन परत आलं तेव्हा ती उठून माठापाशी गेली आणि दोन पेले पाणी प्याली. दुरुस्ती बरोबर होती, म्हणून तर जास्त झोंबली. मग ती परत येऊन बसली, जुनी ओळ खोडली आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात धाकटीचा शब्द लिहिला.