दादाच्या पायाचा निर्णय

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे यायचा. औषधाची चिठ्ठी, कोर्टाची नोटीस, फवारणीच्या डब्यावरची सूचना. घरातला पहिला पदवीधर मी. मला शिकता यावं म्हणून दादा दहावीनंतर थांबला आणि सैन्यात गेला. त्यामुळे कागद पुढे आल्यावर ‘मला कळत नाही’ म्हणायची हिंमत मला कधी झाली नाही. अंदाजाने का होईना, मी सांगायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मस्कतला एका कंपनीच्या ऑफिसात होतो, राहायला तिथल्याच अल् घुब्रा भागात. एका बुधवारी दुपारी गावाहून वहिनीचा फोन आला. दादाची नेमणूक तेव्हा हिमनदीवरच्या चौकीत होती. गस्तीवर तिघे एकाच दोराला बांधून चालले होते, दादा सर्वांत पुढे. वरून सपाट दिसणारा बर्फ फुटला आणि तो खालच्या भेगेत गेला. दोराने मागचा जवानही ओढला गेला, तो वारला. तिसऱ्याने दोर धरून ठेवला म्हणून दादा अर्ध्यावर थांबला, पाय बर्फाच्या दोन भिंतींत अडकलेला. वर काढायला चार तास लागले. आता तो लष्करी इस्पितळात होता. मोडलेला पाय काळा पडला होता. डॉक्टर गुडघ्याखाली कापायचं म्हणत होते आणि दादा सही करत नव्हता.

“तुम्ही आल्याशिवाय करणार नाही म्हणतात, भावजी,” वहिनी म्हणाली. “ग्रॅज्युएट सांगेल तसं, म्हणतात.”

माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता, सगळ्यांचेच तिथे असायचे. किल्ली सरकारी कागदपत्रांची कामं बघणाऱ्या ओमानी माणसाकडे, आणि तो सुट्टीसाठी तीन तासांवरच्या इब्री गावी घरी गेलेला. गुरुवार-शुक्रवार ऑफिस बंद. मी जिन्यावरून नुसता खाली-वर करत राहिलो. रत्नागिरीचा आमचा ड्रायव्हर ते बघत होता.

“जिना झिजवून पासपोर्ट मिळतो का?” तो म्हणाला. “सकाळी तयार राहा. इब्रीला जाऊ.”

गुरुवारी सकाळी निघालो. इस्पितळाने फोनसाठी अकराची वेळ दिली होती. वाटेत एका पेट्रोल पंपाजवळ फोनची पेटी दिसली. उन्हाने तापलेला रिसीव्हर कानाला लावता येत नव्हता, मी तो रुमालात धरला.

आधी डॉक्टर बोलले. सावकाश, सोप्या इंग्रजीत. विष वर चढतंय, आज संध्याकाळच्या आत व्हायला हवं. मी म्हणालो, रविवारपर्यंत पोहोचतो. ते म्हणाले, रविवारी उशीर झालेला असेल. मग त्यांनी फोन दादाकडे दिला.

“काय ग्रॅज्युएट, पळत आलास का? धापा टाकतोयस.”

“दादा, कसा आहेस?”

“मागचा पोरगा गेला रे. माझ्यामागं चालत होता. आता हे डाक्टर पाय कापायचा म्हणत्यात. तुझ्या पुस्तकात काय लिवलंय?”

मी बी. कॉम. माझ्या कुठल्याच पुस्तकात बर्फाने काळा पडलेला पाय नव्हता. नेहमीसारखं काहीतरी ठाम सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

“दादा, मला यातलं काही कळत नाही,” मी म्हणालो. “त्या डॉक्टरला कळतं, आणि त्याला घाई आहे. सही कर.”

“कळत नाही असं आज पहिल्यांदा म्हणालास,” दादा म्हणाला. “म्हंजे खरंच सांगतोयस. दे म्हणावं कागद.”

गाडीत बसलो तेव्हा ड्रायव्हरने नुसतं माझ्याकडे बघितलं.

“सही करतोय,” मी म्हणालो.

“मग इब्री?”

“इब्रीच.”

“यल्ला,” म्हणून त्याने गाडी काढली.

रविवारी मी इस्पितळात पोहोचलो. दादा वाचला, आज नातवंडांत आहे. कृत्रिम पायाने शेतात जातो, त्या जवानाच्या घरी दर वर्षी जाऊन येतो. मला त्याने कधी बोल लावला नाही. पण तीन दिवस थांबलो असतो तर पाय राहिला असता का, हे मी नंतर एकाही डॉक्टरला विचारलेलं नाही. दोनदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊन परत फिरलो.