तिसऱ्या पायरीचा नाद

आमच्या वडिलांना, आप्पांना, हळू बोलता यायचं नाही. तीस वर्षं गुळाच्या अडतीवर सौदे पुकारून त्यांचा गळा असा काही तयार झाला होता, की जेवताना त्यांनी मीठ मागितलं तर समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका बरणी शोधायला लागायच्या.

१९९९ साली डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब पाहिला आणि ओरडणं बंद करायला सांगितलं. नेमका त्याच उन्हाळ्यात मी महिनाभराचं शिबिर करून योगशिक्षक झालो होतो. (तसा मी पतसंस्थेत कारकून. पण शिबिराहून आल्यापासून फोन उचलला तरी 'हरि ॐ' म्हणायचो आणि पलीकडचा माणूस राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचा.) राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर रोज सकाळी आठ-दहा जणांना मी ओंकार, भ्रामरी आणि ध्यान शिकवायचो. आप्पांना म्हटलं, तुम्हीही या, नादानं मन शांत होतं.

आप्पा रोज लिंगपूजा करणारे. शिवाचं नाव पन्नास वर्षं घेतोय, त्याला आता शिकवणी कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण पोरगा 'सर' झालाय याचं त्यांना भारी कौतुक, म्हणून आले.

त्यांच्या पहिल्याच ओंकाराला टाकीवरची कबुतरं उडाली, ती दोन दिवस फिरकली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, कुणाला काय झालं, म्हणून धावत वर आल्या. मी आप्पांना टाकीच्या मागं बसवलं, तर टाकीच घुमायला लागली. शेवटी त्यांना बाजूला घेऊन मी सांगितलं, की ओंकार आत मुरला पाहिजे, तुम्ही आपला मनातल्या मनात म्हणा. त्या दिवसापासून आप्पा गच्चीवर येऊन ओठ घट्ट मिटून बसायचे आणि दाबलेल्या आवाजानं लालबुंद होऊन खाली जायचे. पुढच्या तपासणीला रक्तदाब आणखी वाढलेला निघाला.

अशात जवळच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळानं मला रविवारी दुपारी तीन वाजता 'नादातून आनंद' या विषयावर प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. हॉल, स्टेज, दोन मोठे स्पीकर आणि माझ्या कॉलरला माईक! मी सुरेखाला, म्हणजे बायकोला, पांढऱ्या झब्ब्याला दोनदा इस्त्री करायला लावली. आप्पांना मात्र म्हटलं, तुम्ही शेवटच्या रांगेत बसा आणि काहीही झालं तरी आवाज काढू नका.

जेवायला अध्यक्षांच्या घरी बोलावणं होतं. ध्यानाआधी पोट रिकामं हवं, हे मी तीन महिने वर्गात घसा कोरडा करून सांगत होतो. पण अध्यक्षांच्या पत्नीनं सहावी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि योगशिक्षकानं कुणाचं मन दुखवू नये, असं मला वाटलं.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. पहिली पायरी ओंकार, दुसरी भ्रामरी, दोन्ही झकास झाल्या. मग मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. आता तिसरी पायरी, म्हटलं, आता फक्त ऐका. जो नाद कानावर येईल त्याच्याबरोबर वाहत जा. आणि मीही डोळे मिटले.

पुढचं मला सुरेखानं सांगितलं. दोन मिनिटांत मी पद्मासनातच घोरायला लागलो. माईकमुळं ते घोरणं दोन्ही स्पीकरमधून हॉलभर घुमलं. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळा उघडला, दोघं-तिघं हसू दाबायला लागले. सुरेखा मला उठवायला निघाली, तर अध्यक्षांनी तिला हातानंच खाली बसवलं, सरांची समाधी मोडू नका म्हणून. एवढ्यात शेवटच्या रांगेतून तस्साच, पण दसपट मोठा आवाज आला. आप्पांनी घोरण्याची लय उचलली होती. ते ऐकून हसणाऱ्यांनी पटकन डोळे मिटले. ही शिकवलेलीच पायरी असणार, अशी सगळ्यांची खात्री पटली, आणि हळूहळू अख्खा हॉल एका सुरात घोरायला लागला.

पंचवीस मिनिटांनी मला जाग आली. हॉल आता चिडीचूप होता आणि समोर डोळे मिटलेले चाळीस चेहरे, लोण्यासारखे मऊ. एका आजोबांच्या गालावर तर पाणी ओघळत होतं. माझी छाती अभिमानानं अशी भरून आली, की काय सांगू. एका बाईंनी वही काढून तिसऱ्या नादाचं नाव विचारलं. मला प्रश्न नीट कळला नाही, पण मी गंभीरपणे 'अनाहत' म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.

घरी आल्यावर सुरेखानं सगळं सांगितलं आणि माझं तोंड एवढंसं झालं. मी आप्पांपुढं जाऊन बसलो. म्हटलं, आप्पा, मी झोपलो होतो.

"ठावं हाय की," आप्पा म्हणाले. "तुझं घोरणं मी पाळण्यापासनं ऐकतोय. लोक हसाय लागलती. माझ्या पोराला हसतेत म्हटल्यावर मी गप बसू व्हय? म्हणून लावला आवाज."

"तुझ्यासाठीच लावलता," ते पुढं म्हणाले, "पर मग मलाच असं निवांत वाटाय लागलं बघ, की छातीवरची ढेप कुणीतरी उचलून खाली ठिवली."

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

त्या आठवड्यात त्यांचा रक्तदाब उतरलेला निघाला. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा आप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले, "आमच्या सरांचा गुण." गच्चीवर त्यांना मी पुन्हा मोकळ्या आवाजात ओंकार म्हणायची मुभा दिली.

त्यानंतर मी आणखी आठ वर्षं वर्ग घेतला, पूर्ण जागेपणी, रिकाम्या पोटी आणि अगदी शास्त्रशुद्ध. तेवढा गुण मात्र पुन्हा कुणालाच आला नाही.