रिवकाला ठाऊक असलेली राक्षसांची नावं

मी रिवकावर आयुष्यभर जळले. परवा ती गेली.

तिच्या धाकट्या भावाचा इस्राएलहून मेसेज आला. बरेच महिने आजारी होती म्हणे. आम्हाला कुणाला कळवू दिलं नाही तिनं.

शाळेतल्यांना ती आठवत असेल. खांदा कॉलनीत आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायची. पनवेलच्या मोजक्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, घरांपैकी एक घर तिचं.

आम्ही आठवीत असताना बाबांनी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आणला. बाबा तेव्हा उरणच्या प्लांटमध्ये होते. अख्ख्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर फक्त आमच्याकडे. माझी मान काय ताठ झाली होती.

त्यावर कुणीतरी फ्लॉपीवरून एक गेम टाकून दिलेला. एक किल्ला, खाली तळघरं आणि प्रत्येक तळघरात एक राक्षस.

मी राक्षस मारायचे.
रिवका शेजारी बसून त्यांची नावं वाचायची.

"लेव्हायथन," ती एकदा म्हणाली. "हा आमच्या प्रार्थनेत आहे."

"प्रार्थनेत राक्षस?"

"राक्षस नाही गं. समुद्रातलं मोठं जनावर. देवानं त्याला पाण्यात खेळायला केलंय."

"मग मला का खातंय?"

"गेमवाल्यांनी बिघडवलंय त्याला."

मागे बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला.

हे मोठं होतं. प्लांटमधून दमून आलेले बाबा पेपर खाली ठेवत नसत. माझ्याशी बोलायचे त्यांचे विषय ठरलेले. किती मार्क पडले. जेवलीस का. पंखा बंद कर.

दुसऱ्या दिवशी ते खुर्ची ओढून आमच्यामागे येऊन बसले.

"रिवका, हा मातीचा कोण?"

"गोलेम. मामाला विचारून सांगते, काका."

आणि खरंच विचारून आली. मातीचा माणूस, कपाळावर हिब्रूत 'सत्य' लिहिलं की चालायला लागतो. त्यातलं पहिलं अक्षर पुसलं की उरलेल्याचा अर्थ होतो 'मेला'. मग तो परत माती.

बाबांनी बोटानं हवेत एक अक्षर पुसल्यासारखं केलं. मग म्हणाले, "एका अक्षराचा फरक."

गोलेमला मारलं होतं मी. तीन दिवस खपून. ते कुणी बघितलंच नाही.

इफ्रीत आला तेव्हा ती वर्गातल्या रुखसानाच्या अम्मीला विचारून आली. आगीचा जिन्न, फार ताकदीचा. बाबांनी ते जेवताना आईला सांगितलं. रिवका असं म्हणाली, रिवका तसं म्हणाली.

शनिवारी त्यांच्याकडे शब्बाथ, सुट्टीचा पवित्र दिवस, म्हणून ती यायची नाही. मी खूश. बाबा दारात चपला काढतानाच विचारायचे, "आज रिवका नाही?"

"शनिवार आहे, बाबा."

"अरे हो." की परत पेपर.

मग एका तळघरात नागा आली. बाईचं तोंड, सापाचं शरीर. मला उकळ्या फुटल्या. आता माझी पाळी.

"हे नाव आपलं आहे," मी बाबांकडे वळून म्हटलं. "नाग."

"हो ना," रिवका म्हणाली. "आपल्याकडे नागपंचमीला काही चिरत नाहीत. माझी आईसुद्धा त्या दिवशी विळी काढत नाही. काका, नाग पाताळात राहतात ना? मग पाताळाच्या वरच्या थरांची नावं काय?"

बाबा सुरू झाले. अतल, वितल, सुतल... पुढे अडले. आईला हाक मारली. तिघं मिळून सातही थर जुळवत बसले, आणि मी कीबोर्डवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

तिनं 'आपल्याकडे' म्हटलं होतं.

तिच्याकडे दोन 'आपल्याकडे' होते. माझ्याकडे एकच, आणि त्यातही ती येऊन बसली होती.

बारावीनंतर ते सगळे इस्राएलला गेले. बाबा रजा टाकून एअरपोर्टवर गेले, त्यांच्या बॅगा उचलायला. मला पुण्याला होस्टेलवर सोडायला मामा आला होता.

पुढे ती तिकडे एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. काम काय, तर नावं शोधायची. राक्षसांची, नद्यांची, गावांची. या कामाचा कुणी पगार देतं हे ऐकून मी बँकेतल्या माझ्या टेबलावर दिवसभर धुसफुसत होते.

दिवाळीला तिचा फोन यायचा. दोन मिनिटं माझ्याशी, मग "काकांना दे".

एका दिवाळीला फोन ठेवून बाबा हसतच बाहेर आले. "तिच्या नव्या गेममध्ये एक नावाडी आहे. सगळ्यांना नदीपार नेतो. त्याला माझं नाव दिलंय, गजानन."

बाबांनी हे भाजीवाल्यालाही सांगितलं.

पुढच्या फोनला मी विचारलंच. "आणि माझं नाव?"

"तुझं राखून ठेवलंय, मेधा. आत्ता बायकांच्या भूमिका सगळ्या चेटकिणींच्या आहेत. चांगली येऊ दे."

तशी भूमिका आलीच नाही. मी दर वेळी विचारायचे नाही, पण वाट बघायचे.

काल सकाळी बाबांना सांगितलं. आता त्यांना ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. ते खिडकीशी बसून राहिले. चहा गार झाला.

मग म्हणाले, "तिकडे तिच्याशी मराठीत कोण बोलायचं गं?"

"भाऊ असेल, बाबा."

"तो दुसऱ्या गावाला असतो. हॉस्पिटलात शेवटी कुणी बोललं असेल का?"



बाबांचे डोळे भरले होते. माझ्यासाठी ते कधी भरलेले मी पाहिले नाहीत. काल, त्या क्षणीसुद्धा, मला तिचा हेवा वाटला. आणि मग मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून खूप रडले.

बाबा माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "तू लिही. मराठीत लिही. तिला कुणीतरी आपल्या भाषेत जा म्हणायला हवं."

म्हणून हे लिहिलं.

रिवका, नीट जा. सावकाश जा.

तुझे काका आणि मेधा.