खांदेमळणीची सुट्टी

परवा आष्टीत युवकांच्या मेळाव्यात चर्चा ठेवली होती : उद्या यंत्रमानव खरोखर विचार करू लागले, तर त्यांना कायद्याने हक्क द्यावेत का? ऊसतोड बायांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून मी पत्रकं लिहितो, वाटतो. चिडूनच गेलतो. माणसांचं मिटलं न्हाई आन् लोखंडाला हक्क? माझ्या आधीचा वक्ता म्हणाला, "आधी त्याला अक्कल हाय का ते सिद्ध करा." मागून कुणीतरी म्हणालं, "ही अट तुलाबी लावायची का बे?" सगळे हसले. मला आमचे बैल आठवले.

बैलाला कुणी अक्कल विचारली नव्हती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीला, बा त्यांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायचा आणि कानाशी म्हणायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी जू नाही, चाबूक नाही. तो दिवस मोडायची गावात कुणाची टाप नव्हती. त्या लोण्याचा वास अजून नाकात आहे.

एका वर्षी माय गोठ्यात येऊन बैलाशेजारी बसली. हंगामभर डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहून धरलेली तिची मान पोळ्यापर्यंत सुटली नव्हती.

"अवो, माझ्याबी खांद्याला लावा की."

"तू काय बैल हायस?"

"कामाला हाय. सुट्टीला न्हाई."

बा लई वेळ हसला. मग खरंच तिच्या मानेला लोणी चोळलं. "घे आवतन," म्हणाला. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे तोच बसला. पोळ्या फाटल्या, करपल्या. बैलांनी खाल्ल्या, आम्हीही खाल्ल्या. माय पाय पसरून भिंतीला टेकली होती. "वाढा अजून एक," म्हणत होती. तिला तसं बसलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या पोळ्याला बाचं मन नव्हतं. बैलांना सुट्टी मिळाली. माय पहाटेच पुरणाला लागली.

मेळाव्यात मी हेच सांगितलं. कुणाच्या मर्जीने मिळते ती सुट्टी हक्क नसते. विचार करणारं यंत्र आलंच, तर त्यालाही मालकाच्या मर्जीवर सोडू नका, कायद्यात लिहा. पण त्याच्या आधी बायांची सुट्टी लिहा.

बैल कधीच विकले. आता उसात हार्वेस्टर फिरतो. तो शिरत नाही त्या तुकड्यांत कोयता चालतो, आणि एक दिवस बसलं की खाडा धरून आगाऊ घेतलेल्या उचलीवर दंड चढवतात. यंदाही माय तोडीला निघालीय.