हे बरं की ते?

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चष्मेवाले. बाजाराच्या कोपऱ्यावर खाली दुकान, वर घर. दुकानात एक उंच खुर्ची, समोर भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता आणि लाकडी पेटीत ओळीने उभी केलेली भिंगं. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, ते काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, "हे बरं की ते?" दिवसभर हाच प्रश्न. ताईबरोबर पडदे घ्यायला गेले तरी दुकानदाराला हेच विचारून विचारून त्याच्या नाकी नऊ आणायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, आमच्याकडे मुलगी बघायला आला होतात तेव्हा आम्हा दोघी बहिणींना बघून हेच नाही ना विचारलंत?" तर म्हणाले, "विचारलं होतं. तुझे वडील म्हणाले, धाकटीचं तोंड फार चालतं, तुम्हाला झेपायची नाही." तेव्हा ते असे बोलायचे.

मग ताईचं मूल गेलं. आठवा महिना होता, मुलगी होती, पोटातच गेली. ताईला बेशुद्ध करून ती बाहेर काढावी लागली. पुढचं सगळं उरकून भाऊजींनी ताईला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली गेले. ताई पलंगावर पडलेली होती. दुकानाचं शटर वर गेल्याचा खडखडाट तिने फरशीतून ऐकला. त्या दिवशीसुद्धा या माणसाने दुकान उघडलं. मला तेव्हा त्यांचा जो राग आला तो मी कधी लपवला नाही, आजही लपवत नाही.

त्या सकाळबद्दल दोघं पुढे एक अक्षर बोलले नाहीत. ताई विचारायची नाही आणि भाऊजींनी तर तोंडात मिठाची गुळणी धरलेली. बोलणं व्हायचं ते नळाचं, विजेच्या बिलाचं, पाहुण्यांचं. ताई चिडली की ते जिना उतरून दुकानात जायचे, ते गेले की ती आणखी चिडायची. अशी वर्षं गेली. हळूहळू भाऊजींची झोप उडाली. हातून चुका व्हायला लागल्या. डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवून दिलं म्हणून एक मास्तर दुकानात येऊन भांडून गेले.

शेवटी ताईच म्हणाली. मी तेव्हा तिथेच होते, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, कुणाकडे तरी जाऊ या. हल्ली लोक जातात, त्यात लाज कसली? आधी तुम्ही एकटे जा, मग हवं तर दोघं जाऊ. पण त्या सकाळी तुम्ही खाली का गेलात ते मला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. नाही कळलं तर मी इथे राहणार नाही." आवाज चढवला नाही तिने. ताई बोलते तसं करते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

भाऊजी कबूल झाले. त्यांना बरं व्हायचंच होतं, यात मला शंका नाही. पण धंदा आडवा आला. त्यांनी मनाचे डॉक्टरसुद्धा भिंगांसारखे तपासायला घेतले.

पहिले डॉक्टर वयस्कर. खोलीत पुस्तकं आणि लांबलचक कोच. ते माणसाला मागे मागे नेत. वडील कसे होते, आई रडायला लागली की घरातलं कोण कुठे जायचं. भाऊजींचे वडीलही चष्मेवालेच, आणि घरात कुणाचं काहीही झालं तरी त्यांनी दुकान कधी बंद ठेवलं नव्हतं, हे तिथे बाहेर आलं. बाहेर यायलाच कित्येक महिने लागले, पण आलं. मला वाटलं, धागा हाती लागला. भाऊजी म्हणाले, "लांबचं दाखवतात गं, पण जवळचं काही दिसत नाही." सोडलं.

मग एक तरुण बाई. तिला मागच्याशी फारसं कर्तव्य नव्हतं. आज मनात काय आलं, ते खरं कशावरून, उलट पुरावा काय, असं ती विचारायची. भाऊजींच्या डोक्यात घट्ट बसलेलं 'मी वाईट माणूस आहे' हे वाक्य तिने त्यांच्याकडूनच सुटं करून घेतलं. वर गृहपाठ. रोज बायकोशी एक वाक्य बोलायचं, घरकामाचं सोडून. पहिल्या दिवशी भाऊजी म्हणाले, "आज ऊन बरं आहे." ताई मला म्हणाली, "नवऱ्याच्या जागी हवामान खातं आलंय." पण हसली होती ती, आणि भाऊजींना झोप लागायला लागली होती. पुढचा गृहपाठ त्या सकाळबद्दल एक वाक्य बोलायचा होता. भाऊजींनी डॉक्टरच बदलले.

तिसरे नुसते ऐकायचे. सल्ला नाही, गृहपाठ नाही. भाऊजी बोलले तेच जरा नरम करून परत त्यांच्यापुढे ठेवायचे, आणि मध्ये मध्ये "हं". ताईने त्यांचं नाव हुंकारवाले ठेवलं. थट्टा सोडा, भाऊजी रडले ते त्यांच्याकडेच. मी म्हटलं, "मग टिका की तिथे." तर म्हणे, "नुसतं बरं वाटतं. होत काही नाही." पुढचे खुर्चीवाले. ते समोर रिकामी खुर्ची ठेवायचे आणि सांगायचे, इथे तुमची बायको बसली आहे, बोला तिच्याशी. तिथेही फार दिवस गेले नाहीत.

एक ना धड, भाराभर चिंध्या. या विद्येतलं मला काही कळत नाही, पण एवढं दिसत होतं की प्रत्येकाकडे काहीतरी होतं, आणि ते कामाला लागायच्या बेताला आलं की भाऊजी उठून पुढच्याकडे जायचे.

मग ताई म्हणाली, आता दोघं जायचं. ज्यांच्याकडे गेले त्या बाई जोडप्यांनाच बघायच्या. त्यांनी दोघांच्या खुर्च्या समोरासमोर ओढल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. म्हणाल्या, चूक कुणाची हे मी शोधणार नाही; ही चिडते म्हणून तुम्ही खाली जाता आणि तुम्ही खाली जाता म्हणून ही चिडते, हा फेराच तुम्हा दोघांचा शत्रू आहे. ताईला हे इतकं पटलं की तिने माझ्याकडे येऊन ते दोनदा सांगितलं. भाऊजींनी बाईंना विचारलंच, या सगळ्या पद्धतींत बरी कुठली? बाई म्हणाल्या, "बरेच रस्ते पोचवतात हो, चालत राहिलं तर. मध्ये दुखेल. दुखलं म्हणून उठू नका."

एका भेटीत बाईंनी त्या सकाळचं काढलं. भाऊजींनी ताईचा हात धरला, म्हणाले, "त्या सकाळी मी..." आणि थांबले. ताई वाट बघत राहिली. वेळ संपली. ती तडक माझ्याकडे आली, डोळे लाल, पण चेहरा कितीतरी वर्षांत नव्हता असा. "बोलणार आहेत गं," म्हणाली. "पुढच्या वेळी बोलणार आहेत."

पुढची वेळ आलीच नाही. भाऊजींना चक्कर यायला लागली, अन्न जाईना, आणि त्यांनी जाहीर केलं की या बाई आपल्याला मानवत नाहीत, दुसरे एक आहेत, ते जोडप्यातल्या दोघांना वेगवेगळं भेटतात.

मी तरातरा दुकानात गेले. तिथे एक म्हातारी नवा चष्मा परत करायला आली होती. जमीन तिरकी दिसते म्हणत होती. भाऊजी तिला समजावत होते, "आजी, काढू नका. डोकं दुखेल, पायरी चुकेल, सगळं होईल. नजर बसायला वेळ लागतो. सारखा काढत राहिलात तर ती कधीच बसायची नाही." म्हातारी चष्मा घालून भिंतीला धरत धरत गेली.

मी म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

त्यांना कळलं. ते मूर्ख नाहीत. एक भिंग पुसायला घेतलं आणि म्हणाले, "तिकडे नर्सने बाळ माझ्या हातात दिलं होतं. तुझी ताई शुद्धीवर नव्हती. मी बघितलं पोरीला, नीट बघितलं. ताई शुद्धीवर येईपर्यंत सगळं उरकलं होतं, तिला दाखवायला काही उरलं नव्हतं. त्या सकाळी वाटलं, ही आता जागी होईल आणि विचारेल, कशी होती. म्हणून खाली आलो. दुकानात तसं कुणी विचारत नाही."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. "हे कुणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना, हुंकारवाल्यांना. खुर्चीला तर सगळं सांगितलं. नाक कुणासारखं होतं तेसुद्धा."

"आणि ताईला?"

त्यांनी भिंग पेटीत त्याच्या खाचेत ठेवलं.

"आत्ता वर जा," मी म्हटलं, "नाहीतर मी सांगते."

"तू नको सांगूस. ते माझं आहे. सांगेन मी, त्या नव्या डॉक्टरांशी जरा जमू दे."

ताई त्याच महिन्यात निघाली. भांडण नाही, काही नाही. ती शिकवते त्या शाळेजवळ एक खोली घेतली तिने.

त्यानंतर एकदाच दोघं समोरासमोर आले, माझ्या घरी. माझा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला भाऊजी आले, तर ताई बसलेली. तिच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता, दुसऱ्याच दुकानातला. भाऊजींची नजर आधी तिथेच गेली.

"लांबचा आणि जवळचा एकाच काचेत?"

"हो."

"त्रास होतो सुरुवातीला."

"झाला. जिना उतरायची भीती वाटायची."

"मग?"

"मग काय? काढला नाही."

मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि भांडी उगाच हळू हळू उचलत राहिले. बाहेर भाऊजी म्हणाले, "ऐक." मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. मग ऐकू आलं, "दांडी सैल आहे. दे, घट्ट करून देतो." त्यांनी खिशातल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने ती घट्ट केली, चष्मा परत दिला आणि चहा न घेता गेले.

ताई दाराकडे बघत म्हणाली, "त्यांनी बघितलं होतं गं तिला. नर्सने मला तेव्हाच सांगितलं होतं. मी काही शिक्षा करणार नव्हते त्यांना. मला फक्त एवढंच हवं होतं, नाक कुणासारखं होतं ते त्यांनी सांगावं."

मी काय सांगणार? मलाही ते माहीत नव्हतं. ते त्या रिकाम्या खुर्चीला माहीत होतं.